उलटतपासणीचा तास

मी एकतीस वर्षं कामगार कायदा शिकवला. विद्यार्थ्यांना हा विषय म्हणजे दोन भारदस्त विषयांच्या मधे घुसडलेली शिक्षा वाटायची. कलमं पाठ करायची, परीक्षेत ओकायची आणि मोकळं व्हायचं. ते मला पटत नसे. पहिल्याच तासाला मी फळ्यावर एक वाक्य लिहायचो : 'कामगाराचा हात यंत्रात अडकला.' आणि विचारायचो, "यात काय चुकलंय?"

कुणी व्याकरण शोधायचं, कुणी शुद्धलेखन. मग मी म्हणायचो, "हात काय आपणहून फिरायला गेला होता? यंत्रावरची जाळी कुणी काढली? त्या माणसाची पाळी किती तासांची होती? या वाक्यात कोण दिसत नाही ते आधी शोधा. कलमं नंतर बघू."

वर्ग हसायचा, पण वर्षाअखेरपर्यंत वर्तमानपत्रातल्या बातम्या या नजरेने वाचायला लागायचा. त्याचा मला अभिमान होता. जरा जास्तच होता, हे आता कळतं.

एका वर्षी वर्गात एक मुलगी आली. बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. मी एखादं विधान केलं की हात वर, आणि "सर, हरकत आहे." दुसऱ्या आठवड्यात मुलांनी तिचं नाव 'हरकत' ठेवून टाकलं. तिने त्यावर हरकत घेतली नाही. तिची आई शर्टांच्या कारखान्यात इस्त्री विभागात होती. हे तिने स्वतःहून कधी सांगितलं नव्हतं. मला ते तिच्या निबंधातून कळलं.

'मला माहीत असलेलं एक कामाचं ठिकाण' असा विषय मी दिला होता. बाकीच्यांनी वडिलांची दुकानं, काकांची ऑफिसं लिहिली. हरकतने इस्त्रीची खोली लिहिली होती. एका वाफेच्या नळावर बारा इस्त्र्या. खोलीला दोन दारं, एक आत शिलाई विभागात जाणारं, दुसरं मागच्या अंगणात उघडणारं. बायका वारा खायला सारख्या अंगणात जातात म्हणून सुपरवायझर ते मागचं दार कामाच्या वेळेत बाहेरून लावून घ्यायचा. त्या वर्षी सुरुवातीलाच नळाचा एक जोड फुटला. खोलीभर वाफ झाली. मागचं दार उघडेना. बायकांना वाफेतूनच दुसऱ्या दाराकडे पळावं लागलं. कॉलरला इस्त्री करणारी एक बावीस वर्षांची मुलगी जोडाच्या बरोबर खाली होती. तिचा उजवा हात आणि मान भाजली. हाताची बोटं पुढे एकमेकांना चिकटल्यासारखी झाली.

कंपनीचं म्हणणं होतं की दार लावलेलं नव्हतं, वाफेनं फुगून जाम झालं. चौकशीवाले दुसऱ्या दिवशी पोचले तेव्हा दार सताड उघडं होतं. दाराजवळ काम करणाऱ्या दोघींनी नोकरी सोडली होती आणि त्या काही बोलायला तयार नव्हत्या. राहिली हरकतची आई. 'दार बाहेरून लावलं होतं,' असा जबाब तिने दिला होता, आणि कामगार न्यायालयात दोन महिन्यांनी तिची साक्ष होती.

निबंध वाचून मी खुर्चीतून उठलोच. हाडामांसाचं प्रकरण माझ्या वर्गाच्या दारात आलं होतं! दुसऱ्या दिवशी हरकतला खोलीत बोलावलं.

"तुझ्या आईला वर्गात आणशील? आपण साक्षीचा सराव घेऊ. मुलांना शिकायला मिळेल आणि त्यांनाही अंदाज येईल."

"सर, हरकत आहे," ती म्हणाली, पण हसली नाही. "आई कधी चार माणसांसमोर बोललेली नाही."

"म्हणूनच तर. कोर्टात त्यांना कुणी चुचकारणार नाहीये. इथे ठेच लागली तर तिथे लागणार नाही."

तिने निबंधाची पानं आवरून घेतली. मग म्हणाली, "मग आपल्या बाजूचे प्रश्न, तिची सरतपासणी, मी घेते. मला तिच्याशी बोलता येतं."

"नात्यातल्या माणसाने साक्षीदार तपासायचा नाही. शिस्त म्हणजे शिस्त."

हे मी अगदी सहज बोललो. खरं तर तो काही नियम नव्हता, माझी हौस होती. शेजारच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक माझी शिकवायची पद्धत बघायला येणार होते. त्यांच्यासमोर सगळं नीटनेटकं व्हायला हवं होतं.

गुरुवारी सकाळी बाई आल्या. अर्ध्या दिवसाची रजा टाकून आल्या होत्या. साडी कडक इस्त्रीची, केस चापून बसवलेले. मी त्यांना व्यासपीठावरच्या खुर्चीत बसवलं, पाण्याचा पेला दिला. तो त्यांनी शेवटपर्यंत दोन्ही हातांत धरून ठेवला, प्यायल्या नाहीत. पाहुणे मागच्या बाकावर बसले. हरकत खिडकीपाशी, एका कडेला.

कामगारांच्या बाजूने एका घाबरट मुलाने चार प्रश्न विचारले. बाईंनी बरी उत्तरं दिली. दार लावलं होतं. बाहेरून लावलं होतं. सुपरवायझर रोज लावायचा. त्या दिवशीही लावलं होतं.

मग कंपनीच्या बाजूने जज्जसाहेब उठला. हेही टोपणनावच. तो पहिल्या वर्षापासून असा संथ चालायचा की जणू पाठीमागे पट्टेवाला येतोय. हुशार मुलगा. माझा लाडका, हेही कबूल करायला हवं.

"ताई, कडी दाराच्या डाव्या बाजूला होती की उजव्या?"

"बाहेरून..." बाईंनी हवेत हात फिरवून बघितला. "आमच्या बाजूनं उजवी."

"तुमच्या बाजूने. म्हणजे आतून. आतून कडी दिसते का?"

"नाही."

"मग कडी लावलेली तुम्ही पाहिली नाही."

"पाहिली नाही, पण लावली होती."

"ऐकलीत?"

"हो."

"इस्त्र्या किती चालू होत्या?"

"बाराच्या बारा."

"वाफेचा आवाज असतो ना? शेजारणीशी बोलायचं तर ओरडावं लागतं?"

"ओरडावं लागतं. नाहीतर खुणा करतो आम्ही."

"शेजारणीचं बोलणं ऐकू येत नाही, आणि दारापलीकडच्या कडीचा आवाज ऐकू येतो?"

वर्गात हसू फुटलं. बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "तसं नाही हो," त्या म्हणाल्या. "ते अंगाला कळतं."

आता हसण्याची लाटच आली. जज्जसाहेब थांबला, हसू ओसरू दिलं. ही युक्ती मीच शिकवली होती. मग वर्गाकडे तोंड करून म्हणाला, "साक्षीदाराच्या अंगाला कळलं. मला आणखी काही विचारायचं नाही."

"उत्तम!" मी म्हणालो. मागच्या बाकावरून एका पाहुण्याने टाळी वाजवली.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला समारोप करायचा होता. मी फळ्यावर तीन रकाने आखले : पाहिलेलं, ऐकलेलं, नुसतं वाटलेलं. बाईंचा जबाब त्यांच्या डोळ्यांदेखत तिसऱ्या रकान्यात लिहिला आणि तो कोर्टात का टिकत नाही ते दहा मिनिटं समजावून सांगितलं. छान सांगितलं. मुलं भराभर उतरवून घेत होती. हरकतच्या पुढ्यात वही उघडी होती, पेन मात्र टोपणासकट बाजूला पडलेलं होतं.

माझं बोलणं संपल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "झालं का सर? जाऊ मी? दुपारची पाळी आहे."

घरी जेवताना मी बायकोला सगळा तास रंगवून सांगितला. ती हॉस्पिटलात परिचारिका आहे, थोडक्यात बोलते. सगळं ऐकून तिने विचारलं, "आणि त्या बाईंना काय मिळालं यातून?"

"सराव," मी म्हणालो.

तिने भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि विषय बदलला.

दोन महिन्यांनी साक्षीच्या दिवशी मी चार-पाच मुलांना घेऊन न्यायालयात गेलो. हरकत आधीच तिथे होती. ती आम्हाला बघून सरकली नाही, आमच्याकडे आलीही नाही. बाई साक्षीला उभ्या राहिल्या. कामगारांचे वकील म्हातारे होते. हातात प्रकरणांचा गठ्ठा आणि नाकावर घसरणारा चष्मा.

"मागचं दार उघडत होतं का?"

"उघडत नव्हतं."

"बाहेरून कडी लावलेली होती?"

बाईंनी खाली पाहिलं. "नक्की सांगता येणार नाही."

वकिलांनी चष्मा वर ढकलला. "तुम्ही आधीच्या जबाबात तसं सांगितलं आहे."

"तेव्हा सांगितलं. पण मी पाहिलं नाही. आवाज खूप होता तिथं, ऐकू येण्यासारखं नव्हतं. मला तसं नुसतं वाटलं."

कंपनीचे वकील अर्धवट उठले, म्हणाले, "आम्हाला काही विचारायचं नाही," आणि बसले. विचारायला उरलंच काय होतं? 'नुसतं वाटलं' हे शब्द मी ओळखले. अक्षर माझं होतं. माझ्या शेजारी बसलेल्या जज्जसाहेबाने एकदा माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

निकाल काही महिन्यांनी लागला. दार बाहेरून लावलेलं होतं हे सिद्ध होत नाही, सबब अपघात, सबब कुणाचा दोष नाही. सुपरवायझर त्याच जागेवर राहिला. निकालाच्या दिवशी बाहेरच्या बोळात कॉलरवाली मुलगी एका कागदावर सही करत होती. डाव्या हाताने, लहान मूल अक्षर गिरवतं तशी. मी तिला ओलांडून जिन्याकडे गेलो. ओळख नव्हती, थांबून बोलणार काय, अशी स्वतःची समजूत घातली.

त्याच आठवड्यात जज्जसाहेब माझ्या खोलीत आला. दारातच उभा राहिला. "सर, मी काही चुकीचं केलं का?"

काय सुंदर संधी होती! खरं बोलायची, आणि एका तरुण मुलाला काहीतरी खरंखुरं शिकवायची. मी म्हणालो, "छे रे, तो सराव होता. तू तुझं काम चोख केलंस." त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि तो गेला. पुढे तो मोठ्या कंपन्यांचा वकील झाला. साक्षीदाराला तीन प्रश्नांत गप्प करतो अशी त्याची ख्याती आहे म्हणतात. भेटला की वाकून नमस्कार करतो, सोबतच्या लोकांना सांगतो, "विचार करायला मला सरांनी शिकवलं." मला तिथून पळून जावंसं वाटतं.

निकालानंतरच्या रविवारी दुपारी मी हरकतच्या घरी गेलो. माफी मागायची असं ठरवून निघालो होतो. दोन खोल्या, तिसरा मजला. हरकत घरात नव्हती. बाईंनी दार उघडलं, गडबडीने पलंगावरचे कपडे उचलले, मला खुर्ची दिली. मी काय बोलावं याची जुळवाजुळव करत होतो, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "सर, तुमच्या मुलांचा काही दोष नाही हं. बरोबरच बोलला तो मुलगा. मी पाहिलं नव्हतंच."

"पण तुम्ही त्या दिवशी म्हणालात, अंगाला कळतं. म्हणजे काय?"

"अहो, माझं टेबल एका कोपऱ्यानं दाराला टेकलेलं. जागाच नव्हती दुसरी. ती कडी गंजलेली, सहज सरकायची नाही. तो काय करायचा, आधी खांद्याने दार आत दाबायचा आणि मग कडी सारायचा. दार नुसतं लोटलं तर काही होत नाही. कडी लावली की टेबल असं पोटाला लागायचं." त्यांनी कमरेच्या वर हात ठेवून दाखवला. "पाच वर्षं, रोज दोनदा. सकाळी आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. त्या दिवशी पण लागलं. हातातला शर्ट सरकला, घडी वाकडी पडली. मी मनात शिवी पण घातली त्याला."

 "हे तुम्ही सांगितलं का नाहीत?"

"कुणी विचारलं?" त्या म्हणाल्या. त्यात तक्रार नव्हती, माहिती होती. "तो मुलगा विचारत होता डावीकडे की उजवीकडे. मग तुम्ही ते फळ्यावर लिहिलंत. मला वाटलं, शिकलेली माणसं सांगतायत म्हणजे कायद्यात बसत नसेल हे. कोर्टात पुन्हा हसले असते सगळे. पोरगी समोर बसलेली."

इथे मी काय केलं ते लिहायला जड जातं. मी खिशातून वही काढली. टेबल दाराला नेमकं कुठे टेकायचं, कडी केवढी, सुट्टी किती वाजता संपायची, सगळं विचारलं आणि टिपून घेतलं. अंगात वीज संचारल्यासारखी झाली होती. हा तर पुरावा होता! वाटलेलं नव्हे, प्रत्यक्ष जाणवलेलं. बाई निमूटपणे उत्तरं देत होत्या. मी पाणीही न पिता उठलो आणि जिना उतरायला लागलो.

दुसऱ्या मजल्यावर हरकत भेटली. हातात बाजाराची पिशवी.

"सर? तुम्ही इथे?"

"अगं, नवीन मुद्दा सापडलाय!" मी एका दमात सगळं सांगितलं. टेबल, कडी, शर्टाची घडी.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. "नवीन?" एवढंच म्हणाली. मग मला वाट द्यायला भिंतीला टेकून उभी राहिली.

बस अर्ध्या वाटेवर आली तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मी माफी मागितलीच नव्हती.

सोमवारी न्यायालयाच्या उपाहारगृहात म्हाताऱ्या वकिलांना गाठलं. त्यांनी वहीतली दोन पानं सावकाश वाचली आणि वही परत दिली.

"वरच्या कोर्टात गेलो तरी आहे त्या कागदांवरच भांडायचं. आणि साक्षीदार शपथेवर सांगून बसलाय की मला नुसतं वाटलं. आता ती टेबलाचं सांगेल तर म्हणतील, निकालानंतर शिकवून आणलंय. शिकवणारा कोण, तर प्राध्यापक." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मी त्या बाईला साक्षीआधी एकदाच भेटलो, पाच मिनिटं. माझ्याकडे त्या महिन्यात चाळीस प्रकरणं होती. माझी चूक आहेच. पण तुमच्याकडे अख्खा तास होता हो."

त्यांनी हे ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

हरकत शेवटपर्यंत माझ्या तासाला येत राहिली. हजेरी पूर्ण. पण तिने पुन्हा एकदाही हरकत घेतली नाही. मी मुद्दाम चुकीची, अर्धवट विधानं करून बघायचो, तिच्याकडे पाहायचो. ती मान खाली घालून लिहून घ्यायची. परीक्षेत तिने पुस्तकातली उत्तरं जशीच्या तशी लिहिली. मी तिला वर्गात सर्वांत जास्त गुण दिले, आणि ते देताना मला लाज वाटली. मुलंही हळूहळू तिचं टोपणनाव विसरली.

पुढच्या वर्षापासून तो सराव मी बंद केला. त्याऐवजी मुलांना आठवड्यातून एक दुपार कुठल्याही कामगाराबरोबर नुसतं बसायला पाठवू लागलो. अट एकच, त्या दिवशी काही सिद्ध करायचं नाही. काहींना उपयोग झाला, काहींनी दुपारी झोपा काढल्या. कॉलरवालीचा हात काही त्याने बरा झाला नाही.

निवृत्तीच्या वर्षी एका मुलीने विचारलं, "सर, तुम्ही पूर्वी म्हणे वर्गात खऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायचात. आता का नाही घेत?" मी टाळणार होतो, पण शेवटचं वर्ष होतं. सगळं सांगितलं, माझ्या 'उत्तम!'सकट.  मग तिसऱ्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मग तुम्ही त्या बाईंची माफी मागितलीत का?"

"नाही," मी म्हणालो.

"का?"

मी मनात हिशोब केला. बारा वर्षं झाली होती.

हरकत आता दुसऱ्या गावात कामगारांची प्रकरणं चालवते, आई तिच्याकडेच असते, एवढं मला ऐकून ठाऊक होतं. तिचा फोन नंबर मिळवायला मला दोन फोन करावे लागले, आणि तो लावायला आठ दिवस. मी म्हणालो, तुझ्या आईला भेटायला यायचं आहे.

ती म्हणाली, "नको सर. कुणी मोठं माणूस घरी आलं की तिची धांदल उडते. पत्र लिहा. वाचता येतं तिला."

मी दोन पानांचं पत्र चार वेळा लिहिलं. प्रत्येक वेळी त्यात माझा हेतू, तेव्हाची परिस्थिती, शिकवण्याची पद्धत असं काहीबाही शिरायचं. ते काढत काढत शेवटी सात ओळी उरल्या. त्या पाठवल्या.

तीन आठवड्यांनी हरकतचा फोन आला.

"सर, पत्र मिळालं. आईने दोनदा वाचलं."

"काय म्हणाल्या?"

"विचारत होती, याला उत्तर द्यावं लागतं का?"

"नाही, नाही. मुळीच नाही. त्यांना वाटलं तरच."

तिने फोनवर हात ठेवून आत काहीतरी विचारलं. पलीकडे भांड्यांचा आवाज, मग बाईंचा, शब्द कळले नाहीत. हरकत परत फोनवर आली.

"मग नाही देत म्हणाली. पत्र ठेवून घेते म्हणाली."

"बरं," मी म्हणालो.

आणखी काही बोलावं असं दोघांनाही वाटलं असावं, कारण लगेच कुणीच फोन ठेवला नाही. मग तिची सुनावणीला निघायची वेळ झाली.